‘नॉर्मल’ रिपोर्टचे पेढे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाह्यरुग्ण विभागाची वेळ संपत आली होती. उंब्रजच्या वरच्या अंगाला, तारळी खोऱ्यातल्या एका गावचे गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले. मागे त्यांची पत्नी. वय अवघे अडतीस. चार महिन्यांपूर्वी मुंबईत तिच्या हृदयाची एक झडप बदलली होती. त्यांनी पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आधी तोंड गोड करा. हिचा रिपोर्ट नॉर्मल आला.”

मी कागद हातात घेतला. पीटी-आयएनआर १.१. शेजारी छापलेली मर्यादा ०.८ ते १.२. आकडा मर्यादेच्या आत, म्हणून कागदावर कुठेही ठळक अक्षर नाही, लाल शाई नाही. मी पेढा खाल्ला नाही. आधीचा रिपोर्ट मागितला. तो दोन आठवड्यांपूर्वीचा होता. त्यात हाच आकडा ३.१ होता, ठळक अक्षरांत, आणि पुढे ‘हाय’ असे छापलेले. तो बघून घरात घबराट उडाली होती. भावकीतल्या एका शिकलेल्या मुलाने मोबाइलवर शोधले. आयएनआर वाढला की रक्तस्राव होतो, असे त्याने वाचून दाखवले. त्यांनी रक्त पातळ करण्याची गोळी बंद केली. मुंबईच्या रुग्णालयात फोन लावून पाहिला होता, पण तो योग्य माणसापर्यंत पोचला नव्हता. गोळी थांबवली, आकडा खाली आला, म्हणून हे पेढे.

खरी गोष्ट नेमकी उलटी होती. त्या बाईंच्या हृदयात डावीकडे, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मध्ये, म्हणजे मायट्रल जागी, यांत्रिक झडप बसवलेली होती. अशा झडपेसाठी आयएनआर साधारण २.५ ते ३.५ असावा लागतो. म्हणजे ज्या ३.१ ला घर घाबरले तो आकडा तिच्यासाठी अगदी योग्य होता, आणि ज्या १.१ चे पेढे आले तो धोक्याचा होता. त्या क्षणी तिच्या झडपेवर गुठळी धरायला मोकळे रान होते.

मी छातीला स्टेथोस्कोप लावला. झडपेची टिकटिक स्वच्छ ऐकू येत होती, हा पहिला दिलासा. त्याच दिवशी कराडला इको केला. झडपेच्या चकत्या नीट उघडझाप करत होत्या. गोळी पुन्हा सुरू केली आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत पोटाच्या त्वचेखाली हेपॅरिनची इंजेक्शने दिली. आठवडाभरात आयएनआर २.६ झाला. हे कुटुंब सुदैवी ठरले. पण दरवेळी तसे होत नाही. असे रुग्ण कधी एका बाजूचा हातपाय लुळा पडून येतात, तर कधी झडप अडकल्याने फुप्फुसात पाणी भरून, धापा टाकत येतात.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. हृदयाची झडप बदललेल्या माणसाच्या रिपोर्टवर छापलेले ‘नॉर्मल’ आणि ‘ॲबनॉर्मल’ हे शब्द जसेच्या तसे घेता येत नाहीत. त्याची मर्यादा वेगळी असते. ती मर्यादा रुग्णाच्या हातात लिहून देणे ही आमची, म्हणजे डॉक्टरांची आणि आरोग्य यंत्रणेची जबाबदारी आहे. आज ती आम्ही नीट पार पाडत नाही.

छापलेली मर्यादा कुणाची?

रिपोर्टवर उजव्या बाजूला जी मर्यादा असते ती निरोगी माणसांच्या रक्तावरून काढलेली असते. बहुतेक चाचण्यांमध्ये शंभरातल्या पंचाण्णव निरोगी माणसांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा ‘नॉर्मल’ धरतात. म्हणजे उरलेली पाच माणसे निरोगी असूनही त्या पट्ट्याबाहेर जातात. लॅबच्या यंत्राला समोरचा माणूस कोण आहे हे ठाऊक नसते. ते फक्त आकड्याची तुलना करते आणि शाई बदलते. छातीचे हाड कापून, हृदय काही वेळ थांबवून, सगळे रक्त यंत्रातून फिरवून ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली त्याची तुलना निरोगी माणसाशी केली, तर पहिले काही आठवडे त्याचा निम्मा रिपोर्ट लाल दिसणारच.

आयएनआरचे तर प्रकरणच निराळे. ही चाचणी मुळात रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांसाठीच आहे. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन वेगळे असे आणि एकाच रक्ताचे दोन ठिकाणी दोन आकडे येत. म्हणून १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांना एका मापात आणणारी ही पद्धत स्वीकारली. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. गोळी रक्त गोठण्याचा वेग कमी करते, म्हणून आकडा वर जातो. तो वर जावा म्हणूनच तर गोळी दिलेली असते. तरीही कित्येक रिपोर्टांवर मर्यादा छापलेली असते ती गोळी न घेणाऱ्यांचीच.

या गोळीचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत कुजलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातला घटक कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने वेगळा केला. त्यावरूनच पुढे वॉरफरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारायचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. आपल्याकडे त्याच जातीचे ॲसेनोकुमरॉल अधिक चालते. ॲसिट्रॉम हे त्याचेच बाजारातले नाव. मोजून घेतले तर ते प्राण वाचवते, न मोजता घेतले तर दोन्हीकडून मारते. जास्त झाले तर रक्तस्राव, कमी पडले तर गुठळी. म्हणून या गोळीसोबत चाचणी आलीच. “आता बिनचाचणीच्या नव्या गोळ्या निघाल्यात, त्या द्या की,” असे रुग्ण म्हणतात. यांत्रिक झडपेसाठी त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान हे औषध यांत्रिक झडपांच्या रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढलेले दिसले आणि २०१२ मध्ये ती चाचणी मधेच थांबवावी लागली. अपिक्सबॅनच्या चाचणीचेही पुढे तेच झाले.

घाबरवणारे, पण बहुधा निरुपद्रवी

शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक माझ्याकडे जे कागद घेऊन धावत येतात त्यांतले नेहमीचे प्रकार सांगतो.

हिमोग्लोबिन आठ-नऊ. शस्त्रक्रियेत रक्त जाते, यंत्रातल्या द्रावणाने ते पातळ होते. ते भरून यायला दीड-दोन महिने लागतात. जेवण नीट आणि सांगितले असेल तर लोहाची गोळी, एवढे बहुधा पुरते. मात्र आज नऊ आणि पुढच्या आठवड्यात सात, असे उतरत असेल तर रक्त कुठेतरी जाते आहे, हे शोधायला हवे.

पांढऱ्या पेशी आणि सीआरपी वाढलेले. पहिल्या काही दिवसांत हे अपेक्षित आहे. शरीराला मोठी जखम झाली आहे, त्याचा तो पडसाद. ईएसआर तर कित्येक आठवडे वाढलेला राहतो. डी-डायमरही तसाच. पाचव्या दिवशी कुणी ट्रोपोनिन तपासले तर तेही वाढलेले येईल, कारण हृदयाला खरोखरच टाके घातलेले आहेत. त्यावरून पुन्हा हार्ट अटॅक आला असे ठरवू नये.

प्लेटलेट. यंत्रातून रक्त फिरल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत त्या निम्म्यापर्यंत उतरू शकतात आणि मग आपोआप वाढतात. इकडे डेंगीच्या हंगामात प्लेटलेट कमी म्हटले की घरचे पपईच्या पानांचा रस शोधायला निघतात. त्याची गरज नसते. पण एकदा वर चढू लागलेल्या प्लेटलेट पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा झपाट्याने निम्म्यावर आल्या, तर ते हेपॅरिनची उलटी प्रतिक्रिया असण्याची शक्यता असते. ती वेळ तातडीची.

एक्स-रे. छातीच्या मधोमध तारांची वेटोळी दिसतात. एक आजोबा तो एक्स-रे घेऊन आले आणि “पोटात वायर विसरली काय?” असे विचारू लागले. त्या तारांनी कापलेले हाड बांधलेले असते आणि त्या कायम तशाच राहतात. डाव्या बाजूला थोडे पाणीही अनेकांना असते, ते हळूहळू जिरते.

इको. हा कागद सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. बसवलेल्या झडपेतून रक्त जाताना थोडा दाबफरक, म्हणजे ग्रेडियंट, राहतोच. कारण कृत्रिम झडप कितीही चांगली असली तरी ती मूळ झडपेइतकी मोकळी उघडत नाही. काही यांत्रिक झडपांतून थोडे रक्त उलट गळावे अशी रचनाच केलेली असते. त्याने झडप धुतली जाते आणि गुठळी धरत नाही. हृदयातला मधला पडदा उलट हलतो असेही लिहिलेले असते. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हे नेहमीचे आहे. मायट्रल झडप आधी खूप गळत असेल तर बदलल्यावर हृदयाची पंपिंगची टक्केवारी थोडी कमी दिसू शकते. ही वाक्ये सुटी वाचली तर कुणालाही वाटेल की शस्त्रक्रिया फसली. म्हणून बरे झाल्यावर, साधारण महिना ते तीन महिन्यांत, एक इको करून तो ‘मूळ इको’ म्हणून जपून ठेवायचा. पुढचा प्रत्येक इको त्याच्याशी ताडून पाहायचा. ग्रेडियंट किती आहे यापेक्षा मूळ आकड्यावरून तो किती सरकला, याला महत्त्व आहे.

साधे दिसणारे, पण घात करणारे

आता माझी चूक सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी नवखा होतो, दुसऱ्या एका रुग्णालयात. झडप बदललेला तिशीतला एक ट्रॅक्टरचालक रात्री ताप म्हणून आला. शस्त्रक्रिया होऊन सहा-सात महिने झाले होते. ताप फार नव्हता. पांढऱ्या पेशी नऊ हजार, म्हणजे छापील मर्यादेत. मी तो आकडा पाहून निर्धास्त झालो. प्रतिजैविक लिहून दिले. दोन दिवसांत ताप उतरला, तो घरी गेला. तिसऱ्या आठवड्यात त्याला परत आणले तेव्हा त्याची वाचा गेली होती. झडपेवर जंतूंचा थर बसला होता, त्याचा तुकडा मेंदूत गेला होता. आता रक्ताचा कल्चर केला तर जंतू उगवेनात, कारण माझ्याच औषधाने ते अर्धवट दबले होते. कुठला जंतू हे कळेना, म्हणून नेमके औषध ठरेना. तो वाचला नाही.

पहिल्या रात्री गोळी लिहिण्यापूर्वी मी रक्ताचे नमुने घेतले असते तर त्याला संधी होती. त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. कृत्रिम झडप आणि ताप, मग तो कितीही साधा वाटो, आधी रक्ताचे कल्चर, मगच प्रतिजैविक. आपल्याकडे ताप म्हणजे सलाईन आणि एक इंजेक्शन, ही रीत इतकी रुळली आहे की हे वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे लागते. गावातल्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हेच असावे: “माझी झडप बदललेली आहे.” दात काढण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांनाही हेच सांगायचे. तिथून जंतू रक्तात जातात, म्हणून आधी प्रतिजैविकाचा एक डोस घ्यावा लागतो.

तेव्हा घाबरायचे कशाला, तेही स्पष्ट सांगतो. ताप. झडपेची टिकटिक मंद होणे किंवा ऐकू न येणे; ती रात्रीच्या शांततेत शेजारी झोपलेल्या माणसालाही ऐकू येत असते. अचानक धाप लागणे, आडवे झोपता न येणे. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातातली वस्तू गळणे. काळी शौच, लघवीत रक्त, डोके आपटल्यानंतरची डोकेदुखी. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत गळून जाणे, चक्कर, रक्तदाब उतरणे, लघवी कमी होणे; रक्त पातळ असलेल्या रुग्णात हृदयाभोवती हळूहळू रक्तमिश्रित पाणी साचून असे होऊ शकते आणि तोवर रक्ताचा रिपोर्ट जवळपास ठीकच असतो. यांपैकी काहीही झाले तर रिपोर्टची वाट पाहू नका, रुग्णवाहिका बोलवा. १०८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आणि आयएनआर. यांत्रिक झडपेच्या रुग्णाचा तो दोनच्या खाली आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पाचच्या वर गेला तरी त्याच दिवशी बोला. रक्तस्राव होत नसेल तर बहुधा एक-दोन डोस थांबवणे पुरते. मात्र किती थांबवायचे आणि पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टर ठरवतील. घाईने व्हिटॅमिन ‘के’चे मोठे इंजेक्शन दिले तर पुढे कित्येक दिवस गोळी लागू पडत नाही आणि झडप उघडी पडते. गोळीत केलेला बदल आकड्यात दिसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून रोज डोस हलवत बसण्यातही अर्थ नाही.

आकडा हलला की कारण बहुतेक वेळा घरातच सापडते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी तर आकडा न हलवताही रक्तस्राव घडवते. पोट बिघडल्यावर घेतलेले मेट्रोनिडाझोल आकडा वाढवते. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन तो पाडते. अनोळखी चूर्ण किंवा काढा काय करील ते सांगता येत नाही. मेथी, पालक, शेपू, चाकवत यांत व्हिटॅमिन ‘के’ असते, म्हणून अनेकांना पालेभाजी कायमची तोडायला सांगतात. ते बरोबर नाही. भाजी खावी, फक्त दर आठवड्याला साधारण सारखी खावी. श्रावणात पंधरा दिवस नुसती पालेभाजी आणि मग महिनाभर एकदाही नाही, असे करू नये. आणि तरुण स्त्रियांना आवर्जून सांगायचे ते हे की, ही गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. दिवस राहण्याचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटा. दिवस राहिल्याचे कळल्यावर घाबरून गोळी स्वतः बंद करणे आईच्या जिवावर बेतू शकते.

शस्त्रक्रिया झाली, पुढे काय?

आपल्या भागात झडपा खराब होण्याचे एक मोठे कारण म्हणजे लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप. सांधे दुखून बरे होतात, हृदयाची झडप मात्र खराब होत जाते. त्रास सुरू होतो तो विशी-तिशीत, अनेकदा पहिल्या बाळंतपणात. पूर्वी अशा बाईला मोठ्या शहरात नेऊन झडप बदलणे म्हणजे शेत विकणे होते. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती सगळीकडे आली. आज ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून चालते. तिने हे चित्र बदलले, यात मला शंका नाही. त्याआधी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी यांत्रिक झडप तयार केली. ती डिसेंबर १९९० मध्ये प्रथम माणसाला बसवली गेली आणि परदेशी झडपेपेक्षा कितीतरी स्वस्त पडली. अशा लोकांच्या कष्टांमुळे तारळी खोऱ्यातल्या शेतमजूर बाईच्या छातीत आज झडप टिकटिकते आहे.

पण शस्त्रक्रियेचा खर्च भागला म्हणजे उपचार संपला असे आपण धरून चाललो. यांत्रिक झडपेची गोळी आणि चाचणी आयुष्यभराची आहे. आकडा स्थिर झाल्यावरही महिन्याकाठी एकदा तरी ती करावी लागते. त्यासाठी डोंगरातल्या गावातून उंब्रज, तिथून कराड, एसटीचे भाडे, तपासणीचे पैसे आणि बुडालेला रोज. मग चाचणी महिन्याची तीन महिन्यांवर जाते, नंतर सहा महिन्यांवर. लाखांची शस्त्रक्रिया काही शे रुपयांच्या चाचणीअभावी वाया जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे.

मी तीन गोष्टी मागतो आहे. त्यांतल्या दोन जवळपास फुकट आहेत.

पहिली, झडप बदललेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना मराठीत एक पान द्यावे. झडप कोणती आणि कुठली, आयएनआर किती ते किती हवा, पुढची चाचणी केव्हा, कोणते आकडे काही आठवडे वाढलेले राहतील, कशासाठी लगेच यायचे आणि फोन कुणाला करायचा. डिस्चार्ज कार्ड चार-पाच पानांचे असते, इंग्रजीत असते आणि ते मलाही दोनदा वाचावे लागते.

दुसरी, प्रत्येक लॅबने आयएनआरच्या रिपोर्टवर एक ओळ छापावी: ‘रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास वरील मर्यादा लागू नाही, डॉक्टरांनी ठरवून दिलेली मर्यादा पाहावी.’ संगणकात एकदा ओळ घातली की काम झाले.

तिसऱ्या मागणीला पैसे लागतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आयएनआरची मोफत चाचणी आणि तो आकडा पाहून डोस ठरवणारा नेमून दिलेला डॉक्टर असावा. बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत आकडा देणारी छोटी यंत्रे आता मिळतात. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांचा आपण गावपातळीवर पाठपुरावा करतो, आशाताई घरी जाऊन विचारतात. त्याच यादीत झडपेच्या रुग्णांची नावे घालायला अडचण नसावी. एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत असे रुग्ण मोजकेच निघतील.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळते: “खेड्यातल्या लोकांना आकडे कळत नाहीत, त्यांच्या हाती कागद देऊन उगाच गोंधळ वाढेल.” हे बोलणाऱ्यांनी एकदा पहाटे दूध संकलन केंद्रावर उभे राहावे. गायीच्या दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ लागतो, एक पॉइंट कमी आला तर लिटरमागे किती कापतात, हे तिथली अंगठा लावणारी बाईसुद्धा तोंडपाठ सांगते. उसाचा उतारा दशांशात सांगणारा हा भाग आहे. ज्याला ३.५ फॅट कळते त्याला ३.५ आयएनआर कळणार नाही? त्यांना कोणी नीट सांगितलेलेच नसते.

पेढे घेऊन आलेल्या त्या बाईंना मी हेच उदाहरण दिले. त्या हसल्या. पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा दूध डेअरीच्या जुन्या वहीची मागची पाने त्यांनी आखून आणली होती: तारीख, आयएनआर, गोळी किती, पुढची तारीख. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘अडीच ते साडेतीन’. मधे एकदा आकडा २.२ आला, तर लॅबमधूनच त्यांचा मला फोन आला. त्यांना दुसऱ्या कुणी वाचून दाखवावे लागले नाही.

तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणाची झडप बदललेली असेल तर आज एवढे करा. त्यांची फाईल काढा. झडप यांत्रिक आहे की ऊतीची, हे शोधा. ऊतीच्या झडपेला ही गोळी बहुधा तीन-सहा महिनेच लागते. मायट्रल आहे की महाधमनीची, हेही पाहा, कारण महाधमनीच्या यांत्रिक झडपेची मर्यादा बहुतेकांत दोन ते तीन असते. त्यांची स्वतःची मर्यादा डॉक्टरांना विचारून फाईलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहा. आणि शेवटची चाचणी कधी झाली ती तारीख बघा. महिना उलटून गेला असेल तर उद्या सकाळी त्यांना तपासणीला घेऊन जा.